न्हाणीमागचा रॉबिन

कुह्मो, फेब्रुवारी

प्रिय आर्वोदादास,

धाकट्या लेंपीचा नमस्कार. तुझा गुडघा आता वाकतो का? वहिनींचा खोकला थांबला का? (नसेल थांबला, तर दुकानातली ती औषधं फेकून द्या म्हणावं आणि कांदा उकळून घ्या. ऐकणार नाहीत, पण म्हणावं.) मी ठणठणीत आहे. थंडी अशी पडलीय की दाराची कडी उघड्या हाताला चिकटते. तळं इतकं गोठलंय की पाववाल्याची गाडी रस्ता सोडून सरळ तळ्यावरून येते.

तर झालं असं. महिन्यापूर्वीच्या शनिवारी मी वाफेच्या न्हाणीत वरच्या फळीवर बसले होते. तुला आठवत असेल, मागच्या भिंतीला वहीएवढी खिडकी आहे. न्हाणीचं गरम पाणी तिच्याखालून बाहेर पडतं, त्यामुळे तिथला बर्फ वितळून हातभर काळी माती उघडी राहते. त्या मातीवर एक मुठीएवढा पक्षी, छाती तांबडीलाल! रॉबिन! भर हिवाळ्यात! त्याचे सगळे भाऊबंद केव्हाच दक्षिणेला गेले आणि हा शहाणा मागे राहिला. मी आनंदाने किंचाळले. (मी पक्ष्याला बघून किंचाळणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहे. तरी किंचाळले.)

दुकानात बोलून गेले आणि दुसऱ्या शनिवारी गावातल्या पक्षीप्रेमींचं मंडळ दारात हजर. पुढे अध्यक्ष ओइवा, निवृत्त पोस्टमास्तर, खांद्यावर दुर्बीण अशी की बंदूकच. मागे चार बाप्ये. अडचण अशी की पक्षी फक्त त्या खिडकीतून दिसतो. बाहेरून गेलं की उडतो. आणि शनिवार असल्यामुळे न्हाणी तापलेली. मी म्हटलं, आत बसा, पण बाई माणसाच्या घरात कपडे उतरवायचे नाहीत. म्हणून पाचही जण लोकरीचे कोट, टोप्या, बूट यांसकट फळीवर चढले. दुर्बिणींवर वाफ धरली. एक जण पुसायचा, तोवर दुसऱ्याची धरायची. ओइवाच्या मिशीतून घामाचे ओघळ, पण तोंडाने आपलं चालूच, "शांतता! श्वास हळू घ्या!"

तेवढ्यात शेजारची सेल्मा आली. शनिवारी न्हाणीत तिचा नंबर माझ्यानंतर असतो, आणि तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी अंगणातून घातलेल्या हाका वाया गेल्या. अंगावर एक पंचा, हातात अंग झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी, अशी ती थेट आत. समोर पाच बाप्ये कोट घालून! दुसरी कुणी असती तर पळाली असती. सेल्मा म्हणाली, "सरका जरा. आणि ते बूट काढा, फळी घाण होते." बसली, आणि पाण्याने भरलेला तांब्या भट्टीवरच्या तापल्या दगडांवर उपडा केला.

पुढचं मी दारातून पाहिलं. पांढऱ्या ढगातून एकेक बाप्या रांगत बाहेर आला आणि बर्फात आडवा पडला. ओइवा तेवढा चिवटपणे खिडकीशी चिकटून राहिला. आणि ऐक, तो पक्षी उडून खिडकीच्या कडेवर बसला, मान वाकडी करून ह्या लालबुंद म्हाताऱ्याकडे बघत राहिला. ओइवा रडत बाहेर आला. (घाम होता म्हणतो.)

मग पडली खरी थंडी. न्हाणी आठवड्यातून एकदा पेटवली तर माती गोठणार आणि पक्षी मरणार. मी रोज पेटवू लागले. रोज! आपली आई असती तर मला फडक्यात गुंडाळून डॉक्टरांकडे नेलं असतं. लाकडं भराभर उतरू लागली तसा ओइवा घसरगाडीवर ओंडके घालून आला, मग बाकीचेही. सोमवारी बायका, मंगळवारी बाप्ये, असे न्हाण्याचे दिवस वाटून घेतले; पक्षी बघायला मात्र सगळेच येतात. वेलदोड्याचे पाव कमी पडतात, कॉफीची किटली चुलीवरून उतरत नाही, आणि सेल्मा ओइवाला पत्त्यांत लुबाडते. "पक्षी पाळलाय की पोस्टमास्तर?" असं मला चारचौघांत विचारते, तेही तिच्या त्या आवाजात, म्हणजे तळ्याच्या पलीकडेही ऐकू जातं.

वहिनींना नमस्कार. मुलांना गोड पापा.

तुझी,
लेंपी

ता. क. तुझ्या वाटणीच्या रानात बर्चची सुकी लाकडं रचून ठेवलीत, ती मी उचलू का? नाही म्हणू नकोस, निम्मी आणून झालीत.

ता. क. दुसरा. तुर्कूला माझ्यासाठी तू बघून ठेवलेला तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला देऊन टाक. लिफ्ट आहे, भिंती आपोआप तापतात, एकटीला बरं पडेल, सगळं मान्य. मी येत नाही.

ता. क. तिसरा, आणि हे वहिनींनाही सांगू नकोस. पक्षी गेला. बेकरीच्या भट्टीमागे बसलेला मी स्वतः पाहिला, चांगला गुबगुबीत. तिथे त्याला पावाचा चुरा मिळतो, माझ्याकडे नुसते ओट. मी कुणाला बोलले नाही. काल सगळे नेहमीसारखे आले. ओइवा खिडकीशी बसला, रिकाम्या मातीकडे बराच वेळ दुर्बीण लावून बघत राहिला आणि म्हणाला, "आज फारच सुरेख दिसतोय." सेल्माने डोकावून पाहिलं. "जरा सुटलाय," म्हणाली. मी दगडांवर पाणी ओतलं.