उंबऱ्यावरची बॅग

कलारूद,
१४ बहमन १३५० (३ फेब्रुवारी १९७२)

ती. इरजदादा,

सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. आम्ही जिवंत आहोत, फक्त गाडले गेलोय. मसूदच्या लष्करातल्या दोस्ताकडे, कुदरतकडे, चार दिवस डोंगराची हवा खायला आलो. आज अकरावा दिवस. दार बर्फाखाली गेलंय, छताला भोक पाडून शिडीनं आत-बाहेर करतो.

खरं तर गेल्या गुरुवारीच निघायचं होतं. बॅग घेऊन उंबऱ्यावर आलो, तर कुदरतची बायको तूबा आडवी आली. म्हणाली, एक रात्र राहा. मसूद म्हणाला, फार त्रास दिला तुम्हाला. ती म्हणाली, माझ्या लेकराची शपथ. हा म्हणाला, नको. तिनं तिसऱ्यांदा म्हटलं तशी यानं बॅग खाली ठेवली. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मान तुकवायची, ही आपली रीत तुला मी काय सांगू! त्याच रात्री आभाळ फाटलं.

आता मुद्द्याचं. मसूदचं इन्सुलिन तीन दिवसांपुरतं उरलंय. आणि हा शहाणा आपल्याला साखरेचा आजार आहे हे यजमानांना सांगायलाच तयार नाही. शेळ्यांच्या खोलीत जाऊन चोरासारखी सुई टोचून घेतो. म्हणतो, कळलं तर त्या बिचाऱ्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही. मग तूबा कौतुकानं मध वाढते आणि हा खातो. मी डोळे वटारले तर मलाच विचारतो, तोंडावर नाही कसं म्हणायचं. मलाही शपथ घातलीय.

तारांची लाईन तपासणारा करम बर्फात रुतू नये म्हणून पायांना वेताच्या जाळ्या बांधून उद्या खाली उतरतोय. त्याच्याकडे हे देते. दोन बाटल्या पाठव. दादा, मला फार भीती वाटते. तुझी माया आहेच, या खेपेला ती जरा पळत पाठव.

तुझी,
गुलनार

तेहरान,
१७ बहमन

चि. गुलनार,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीनं पत्र वाचून नवस बोलला आणि मी तुझ्या नवऱ्याला शिव्या घातल्या. कामं वाटून घेतली म्हण. दोन बाटल्या लोकरीत गुंडाळून खालच्या गावी जीपवाल्याबरोबर पाठवतोय. तिथून करम आणेल. छातीशी धरून आण म्हणावं, ते औषध गोठलं की वाया गेलं.

आणखी एक. वीस तारखेला तुमच्या बाजूला हेलिकॉप्टर फिरणार आहे. आजाऱ्यांना आधी उचलणार आहेत. मी मसूदचं नाव दिलंय, पण नावं कोण वाचत बसतो? विचारलं की त्यानं हात वर करायचा. तुमच्या लग्नात याच माणसानं माझ्या दारात आधी तुम्ही, आधी तुम्ही करत काझींना अर्धा तास पावसात उभं ठेवलं होतं. तो खेळ या वेळी नको. आणि शपथ मोड, पाप माझ्या डोक्यावर.

वाट पाहणारा,
इरज

कलारूद,
२० बहमन

दादा,

सलाम. वि. वि. सगळं हुकलं.

बाटल्या आल्या, पण गोठून. करमनं छातीशीच धरल्या होत्या रे, पण खिंडीतल्या वाऱ्यात त्याच्या मिशा गोठल्या, तिथे बाटल्यांचं काय! आत कापसासारखे कण तरंगतायत. इथलं अर्धं-अर्धं करून पुरवलं, तेही काल संपलं.

आज हेलिकॉप्टर आलं. सहा जागा. अधिकाऱ्यानं ओरडून विचारलं, आजारी कोण. मसूदनं अदबीनं छातीवर हात ठेवून गावातली म्हातारी माणसं पुढे केली. चौघं चढली, दोन जागा उरल्या. कुदरत म्हणाला, पाहुणे आधी. मसूद म्हणाला, तुझ्या घरात तान्हं लेकरू आहे, तूबा आधी. कुदरत म्हणाला, माझ्या मेलेल्या बापाची शपथ, तू आधी. मी किंचाळत होते, पण पंख्यांच्या आवाजात माझं कोण ऐकतो? ढग उतरले आणि ते उडालं. दोन जागा रिकाम्या गेल्या, दादा. रिकाम्या!

घरी आले आणि शपथ मोडली. तूबा मधाच्या भांड्याकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. म्हणाली, ताई, मी माझ्या हातानं त्यांना विष भरवलं हो. कुदरत मसूदवर खेकसला, गाढवा, दोन वर्षं एका ताटात जेवलो आणि माझ्यापासून लपवतोस? मग भिंतीकडे तोंड करून रडला.

मसूदच्या श्वासाला सडक्या फळांचा वास येतोय. सारखं पाणी मागतो, बोलणं अडखळतंय. उद्या उजाडताच कुदरत आणि गावातले तिघे त्याला शिडीवर बांधून खाली नेणार आहेत. मी मागून चालेन. करम हे पत्र घेऊन आत्ताच पुढे निघतोय. खालच्या गावातली तार सुरू झालीय म्हणे, तिथून तो तुला लगेच कळवेल. खालच्या गावात औषध आणि जीप तयार ठेव. उशीर झाला तर… पुढचं लिहवत नाही.

गुलनार

तेहरान,
२७ बहमन

प्रिय तूबा,

सप्रेम सलाम. वि. वि.

मसूदनं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर काही खरं नव्हतं. उठल्याबरोबर त्यानं कुदरतभाऊ कुठे आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं, शिडी जीपमध्ये चढवली, तुम्हीही चला म्हणून मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, तूबा एकटी आहे, अंधाराच्या आत घरी पोचतो.

आमची बॅग तुमच्या उंबऱ्यावरच राहिली. तेवढ्यासाठी तरी आम्हाला परत यावं लागणार! भाऊंचे पाय बर्फानं फार दुखावले नाहीत ना? दोन ओळी कळवा. जीव टांगणीला लागलाय. लोभ असावा.

तुमची,
गुलनार

कलारूद,
१० इस्फंद (२९ फेब्रुवारी)

गुलनारताई,

सलाम. मला लिहिता येत नाही. मास्तर लिहितायत, बोल माझे आहेत.

मसूदभाऊ वाचले, देवाची कृपा. माझे धनी परत आले नाहीत. येताना चौघं होते. खिंडीत एका मागे एकच जाता येतं. वाटेच्या तोंडाशी हे थांबले आणि तिघांना म्हणाले, आधी तुम्ही. तिघं पार झाले. वरून बर्फ सुटलं तेव्हा मागे हे एकटेच होते. सातव्या दिवशी सापडले.

तुम्ही दोघं स्वतःला दोष द्याल, म्हणून एक गोष्ट सांगते. मास्तरांना म्हटलं, हे गाळू नका. त्या गुरुवारी घरातलं पीठ संपत आलं होतं. तुम्ही निघालात तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. तरी मी तीनदा राहा म्हटलं, कारण तसं म्हणतात. तुम्हाला जायचं होतं आणि मलाही तुम्ही जायला हवं होतं. यांनी ते ओळखलं होतं. तुम्ही झोपल्यावर हसून म्हणाले, तूबा, तू दोनदाच म्हणायचं होतंस.

बॅग उंबऱ्यावरच आहे, मी हलवली नाही. वाट मोकळी झाली की या. आता मी एकदाच राहा म्हणेन. राहायचं असेल तर राहा, नसेल तर नाही म्हणा. मला राग येणार नाही.

मसूदभाऊंना गोड देऊ नका.

तूबा