चारही फायलींत तुमचं नाव

आबा, परवा पोलादपूरला एका लग्नात जेवायला बसले होते. पंगतीत समोर तुमच्या जुन्या ओळखीचे एक गृहस्थ होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हिचा बाप कामावर उभ्या उभ्या गेला. असा मरन यायला नशीब लागतं." दोन-चार जणांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने तर उष्टा हात तसाच ठेवून दुसरा हात कपाळाला लावला. मी पानातला भात तसाच टाकून उठले. यजमानांना वाटलं, वडिलांच्या आठवणीनं मला भरून आलं. भरून-बिरून काही आलं नव्हतं. माझं डोकं फिरलं होतं आणि ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं कौतुक कानावर पडलं की मला तुमच्याशी भांडावंसं वाटतं. लोकांना वाटतं मी अजून सावरले नाही, आणि मी त्यांना काही समजावत बसत नाही.

तुमचा धंदा काय होता हे आज मी कुणाला सांगते तेव्हा तो फार सोपा वाटतो. महाडच्या एमआयडीसीतल्या कंपन्या वर्षातून एकदा यंत्रं बंद ठेवतात, टाक्या उघडून साफ करतात, गंजलेले पाइप बदलतात आणि ठरल्या दिवशी पुन्हा सुरू होतात. त्याला सगळे शटडाऊन म्हणतात. ते काम अंगावर घ्यायचं, माणसं लावायची आणि वेळेत पुरं करून द्यायचं. तुम्ही खलाशी म्हणून लागलात, साखळी-कप्पीनं जड सामान चढवता-उतरवता मुकादम झालात आणि मग ठेकेदार. फिटर, वेल्डर, खलाशी, सगळी माणसं आपल्या आणि आजूबाजूच्या डोंगरावरच्या वाड्यांतली. गंमत अशी की बऱ्याच कंपन्या शटडाऊन शिमग्यालाच ठेवायच्या. त्यांचे कामगार तसेही गावी पळतात, मग तेव्हाच यंत्रं बंद ठेवू, असा त्यांचा साधा विचार. पण आपली माणसंही त्याच गावांची. त्यांच्याही दारात त्याच दिवसांत पालखी यायची. म्हणजे कंपन्यांना माणसं हवी असायची नेमकी तेव्हा माणसं ढोलाच्या मागे निघालेली. दरवर्षी तुमची तारांबळ उडायची, आणि दरवर्षी तुम्ही "व्हईल गो" म्हणत ती निभावून न्यायचात.

मी चवदार तळ्याजवळच्या क्लासला कॉम्प्युटर शिकले, पुढे मुंबईत मामाकडे राहून कामांचं नियोजन करण्याच्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला आणि परत आले. बिरवाडीच्या ऑफिसात तुम्ही मला कॉम्प्युटर घेऊन दिलात. त्याच्याबरोबर चाकांची खुर्चीही आणलीत. टेम्पोतून उतरवल्यावर आधी तुम्हीच तिच्यात बसलात, पायानं रेटा देऊन खोलीभर एक चक्कर मारलीत आणि मग उठून म्हणालात, "बस आता. सायबीन झालीस." त्या दिवशी मी तुमच्यावर किती खूश होते हे आठवलं की मला आणखीनच संताप येतो. कामाची इतकी चांगली खुर्ची देता, आणि त्या खुर्चीत बसून केलेलं काम मात्र बघत नाही.

कारण तुम्हाला कॉम्प्युटर हवा होता तो कंपन्यांतल्या इंजिनिअरांना रंगीत कागद दाखवायला. प्रत्येक कंपनी कामाच्या आधी तक्ता मागायची: कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार, कोण करणार. मी प्रत्येक कंपनीची वेगळी फाइल करायची, कामांचे आडवे रंगीत पट्टे छापायची, कागद चिकटपट्टीनं जोडून लांबच लांब तक्ता करून द्यायची. रंगाच्या कंपनीची फाइल रंगाच्या कंपनीपुरती, औषधाच्या कंपनीची तिच्यापुरती. एकेक उघडून बघावी तर सगळं सुरळीत. तुम्ही तो तक्ता गुंडाळून काखेत मारायचात आणि जीपमधून निघायचात. त्या तक्त्यांच्या जोरावर तुमच्या शेवटच्या वर्षी तुम्ही चार कामं घेतलीत. चारही शिमग्यात.

मला ते बघवेना. त्या सॉफ्टवेअरची एक गोष्ट चांगली होती. एकाच माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी लावलं, तर ते त्याचं नाव लाल करून दाखवायचं. पण फायलीच वेगवेगळ्या, तर त्या बिचाऱ्याला कळणार कसं? म्हणून मी सगळ्या माणसांची आणि यंत्रांची मिळून एक वेगळी फाइल केली आणि चारही कामांच्या फायली तिला जोडल्या. शिमग्याची सुट्टीही नीट घातली. मुंबईत शिकवणाऱ्या बाईंना वाटायचं, सण म्हणजे सगळ्यांना एकच लाल तारीख. आपल्याकडे वरच्या वाडीची पालखी आज निघते, खालच्या वाडीची दोन दिवसांनी, आणि पलीकडच्या डोंगरावर तर देव आणखी उशिरा खाली उतरतात. मी वाडीवाडीचं वेगळं कॅलेंडर केलं आणि प्रत्येक माणसाचं नाव त्याच्या वाडीच्या कॅलेंडरला जोडलं. एकाही माणसाची पालखी चुकू न देता चारही कामं बसवायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. माणसं इकडची तिकडे केली. हायड्रा, म्हणजे आपली भाड्याची छोटी क्रेन, तीही सकाळी इथे आणि दुपारी तिथे अशी फिरवली. हळूहळू सगळी लाल नावं काळी झाली. एकच राहिलं. चारही फायलींत देखरेखीला तुमचं नाव होतं, चारही ठिकाणी पूर्ण दिवस, आणि त्यातच आपल्या वाडीची पालखी.

तुम्हाला बोलावून दाखवलं. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पडद्याशी वाकता, अंगाला ग्रीसचा आणि पानाचा वास. "ह्यो कोन लाल?" म्हणता.

"तुम्ही, आबा. तुम्ही एकाच दिवशी चार ठिकाणी आहात."

"मंग? असतोच मी."

मी सांगते की हिवाळ्यात महाडच्या डॉक्टरांनी छातीचा कागद बघून काय बजावलंय ते विसरू नका. शिड्या चढायच्या नाहीत, दगदग करायची नाही, जरा विश्रांती घ्यायची. मी सांगते की फार काही करायला नको, रंगाच्या कंपनीचं काम फक्त दोन दिवस उशिरा सुरू करू, म्हणजे औषधाच्या कंपनीतला आपला मुकादम मोकळा होईल आणि तुम्ही निवांत वाडीवर याल. साहेबांना विचारायचं तेवढं बाकी आहे.

"सायबाला नाय म्हनायचा नाय," तुम्ही म्हणता. "एकदा नाय म्हटला, की दुसरा ठेकेदार गेटावर उभा हाय."

"नाही म्हणायचंच नाहीये. विचारायचं आहे."

"एकच झाला."

"मी विचारते मग."

आता तुमचा आवाज चढतो. "तू मधी पडू नको. आनि माझा नाव काढ त्यातून. मी काय हायड्रा हाय गो, तुझ्या यंत्रांत मांडून ठेवायला?"

मी काढत नव्हते. तुम्ही खुर्चीमागे उभे राहिलात आणि काढायला लावलंत. एकेका कामावर जाऊन तुमचं नाव पुसत गेले. शेवटचं पुसलं आणि सगळा पडदा स्वच्छ झाला, एवढासाही लाल ठिपका उरला नाही. तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "बघ, झाला का नाय?" म्हणालात आणि हसत हसत जीपकडे गेलात. त्या हसण्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

आणि दुसऱ्यांच्या बाबतीत तुम्ही काय होतात? त्याच आठवड्यातली गोष्ट. एक वेल्डर तापानं फणफणलेला असताना परांचीवर चढायला निघाला. तुम्ही त्याला शर्टाला धरून खाली ओढलंत. "मेलास तर तुझ्या आयशीला मी काय सांगू?" म्हणून चार लोकांत त्याला झापलंत आणि स्वतःच्या जीपमधून घरी सोडून आलात. तो वेल्डर आजही ही गोष्ट डोळे पुसत सांगतो. मी ऐकते आणि मनात म्हणते, याला शर्टाला धरून ओढणारं कुणी होतं. तुम्हाला धरायला मी आले होते तर माझा हात झटकलात. मग माझ्या आयशीला कुणी काय सांगायचं, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही.

आपल्या वाडीची पालखी निघाली तेव्हा मी आणि आई वर वाडीवर होतो. माझ्या त्या कॅलेंडराप्रमाणे आपल्या वाडीचे सगळे आले होते. गुलालानं माखलेले, ढोलापुढे नाचणारे, सगळे. पालखीला पहिला खांदा आपल्या घराचा, म्हणून तुमच्यासाठी देव थोडा वेळ अंगणाच्या कडेला थांबवून ठेवला. मग चुलतभावानं खांदा दिला. आई ओटीचे तांदूळ तेवढे घट्ट धरून उभी राहिली. दुपारी महाडहून जीप आली, त्यातून आपला मुकादम उतरला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून ढोलवाल्यांनी आपणहून हात आवरले. रंगाच्या कंपनीत तुम्ही परांचीवरून खाली आलात, पायथ्याशी बसलात आणि पाणी मागितलंत. पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. लोक म्हणतात उभ्या उभ्या. खोटं आहे ते. दमलेला माणूस बसतो तसे तुम्ही बसला होतात.

सुतकात घराबाहेर पडू नको म्हणून बायका मागे लागल्या होत्या, तरी मी पाचव्या दिवशी खाली उतरले. अर्धी कामं तशीच पडली होती आणि माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. सगळ्यात आधी रंगाच्या कंपनीत गेले. तिथल्या मोठ्या साहेबांनी उठून नमस्कार केला, बसायला सांगितलं, चहा मागवला. मी म्हटलं, "साहेब, उरलेलं काम दोन दिवस उशिरा पुरं होईल. चालेल का?"

"अहो, चालेल की," ते म्हणाले. "आमचा कच्चा मालच पुढच्या आठवड्यात यायचाय, लवकर सुरू करून करणार काय? तुमच्या वडिलांनी एका शब्दानं विचारलं असतं, तर आम्हीच म्हटलं असतं, शिमगा करून या."

बस, आबा. एवढंच होतं. चहा येण्याआधी विचारून झालं आणि उत्तरही मिळालं. तो चहा मी कसा प्यायले ते मला आठवत नाही. बाहेर आले, गेटावर उभी राहिले, आणि तुम्ही म्हणायचात तो दुसरा ठेकेदार शोधला. तिथे कुणीही नव्हतं. एक वॉचमन होता, तो मला बघून टोपी काढून उभा राहिला.

पुष्कळ दिवस मला वाटायचं की तुम्ही भिडेखातर गेलात, काम सुटेल या भीतीनं गेलात. आता तसं वाटत नाही. तुम्हाला आवडायचं ते. चार गेटांवर चार जणांनी "आबा आले का?" विचारावं, तुम्ही आल्याशिवाय कुणी बोल्टला हात लावू नये, हे तुम्हाला फार आवडायचं. विचारलं असतं तर साहेब "चालेल" म्हणाले असते, आणि आपल्यावाचून दोन दिवस चालतं हे तुम्हाला ऐकावं लागलं असतं. पडद्यावर मी तुम्हाला तेच दाखवलं होतं. म्हणून तुम्हाला ते नाव तिथे नको होतं. मी चुकीचं बोलत असेन तर बोलू द्या, समोर येऊन खोडून काढणार आहात थोडेच.

धंदा मी चालवला. अजून चालवते. सगळ्यांची मिळून असलेली फाइल रोज सकाळी आधी उघडते, त्यात माझंही नाव असतं. ते लाल झालं की मी फोन उचलते आणि विचारते. कधी साहेब हो म्हणतात, कधी नाही म्हणतात, एखाद-दोन वेळा कामही हातचं गेलं. दुसरं मिळालं. आपली माणसं अजून आपापल्या पालखीला वेळेवर पोचतात. नव्या पोरांना वाटतं पूर्वीपासून असंच आहे.

आई बरी आहे. बिरवाडीकडे येताना रिक्षा रंगाच्या कंपनीसमोरून जाते, तेव्हा ती तोंड फिरवून बसते. दिवाळीला त्यांच्याकडून मिठाई येते, तिला ती शिवत नाही, तशीच शेजारी देऊन टाकते. "सनालासुदा सोडला नाय गो त्यांनी ह्यांना," असं म्हणते. इतक्या वर्षांत तिनं दुसरं काही म्हटलेलं नाही. साहेब मला काय म्हणाले ते मी तिला कधीच सांगितलं नाही. त्या कंपनीचा काही दोष नाही, तरी मी त्यांची बाजू एकदाही घेतलेली नाही. हे लिहिलेलंही तिच्या हाती लागू देणार नाही, उद्या सकाळी बंबात घालीन. तिला कळलं तर तिचा राग तिकडून निघून तुमच्यावर येईल, आणि आबा, एवढं सगळं तुम्हाला बोलून झाल्यावरही, तुमच्यावर दुसरं कुणी रागावलेलं मला चालत नाही.