लाल शाईला गादीचा टाका

सोमवार, १४ जुलै
आजपासून रोजनिशी. मी बोलणार, नात महेजबीन लिहिणार. मला अक्षर येत न्हाई, पण रागाला अक्षर लागतंय कुठं. आजचा राग सविता मॅडमचा. पोरीनं इंग्रजीत माझ्यावर निबंध लिहिला, बाईनं सगळं पान लाल करून टाकलं. म्हणे ग्रामर चुकलं. शुक्रवारी टेस्ट. तिथं असंच लिहिलं तर सेमी-इंग्लिशच्या वर्गातनं नाव काढणार. बघतेच कोण काढतंय.

मंगळवार, १५ जुलै
शाळेत गेले. मॅडम म्हणाली, आजी, ‘माय ग्रँडमदर आर’ नसतं, ‘इज’ असतं. तुम्ही एकट्याच ना? म्हटलं, एकटी असले तरी वडीलधारी हाय. अख्ख्या यवत गावात मला कुणी अगं-तुगं करत न्हाई, मग इंग्रजीत का म्हणून? हसली. ठरलं. पोरीला आता मीच शिकवणार.

बुधवार, १६ जुलै
रीत सोपी हाय. आयुष्यभर गाद्या शिवल्या. टाका ढिला वाटला की त्याच वाटेनं परत सुई घालायची, मग उसवत न्हाई. पोरीला म्हटलं, तोच निबंध परत परत लिही. म्हणाली, दादी, लाल केलेलं पण? म्हटलं, ते तर आधी. सून तहमीना मधी बोलली, अम्मी, तुम्हाला वाचता येत न्हाई, तुम्ही कशाला? तिला डाळ बघायला पाठवलं.

गुरुवार, १७ जुलै
पोरगी आता न बघता लिहितीय. ओळी सरळ, खाडाखोड न्हाई. उद्या बाईच्या लाल पेनला काम उरायचं न्हाई.

शनिवार, १९ जुलै
कालची टेस्ट तपासून मॅडमनं बोलावलं. म्हणाली, आजी, आधी ही कधी चुकायची, कधी बरोबर लिहायची. आता एकदाही बरोबर लिहीत न्हाई. म्हटलं, म्हंजी पक्कं झालं. या खेपेला हसली न्हाई. नाव काढलं. पोरगी माझा हात सोडून घरापर्यंत पुढं पुढं चालली. सोमवारी वर तक्रार करणार. सोडत न्हाई.

सोमवार, २१ जुलै
तक्रार राहिली. मॅडमच नरमली. शाळा सुटल्यावर पोरीनं रोज तिच्याकडं बसायचं, महिन्यानं परत टेस्ट. अट एकच. घरी आजीनं इंग्रजीला हात लावायचा न्हाई. घाबरलीय बाई मला, दुसरं काय. मोठ्या मनानं व्हय म्हटलं.
पोरगी तिकडंच गेलीय, म्हणून आज तहमीनाला लिहायला बसवलंय. विचारतीय, अम्मी, नक्की कोण घाबरलंय म्हणून लिहू?
बास. मीट ती वही.