पायाशी बसलेली

अकोला,
२४ एप्रिल २०२४

ती. मनकर्णाआत्यास,
भावनाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि मी सांगते ते तुझ्याआधी शेजाऱ्यांना कळतं, म्हणून पत्र. मांडीवर उशी आणि उशीवर वही ठेवून लिहिते आहे. मास्तरीणबाईंनी अक्षराला नावं ठेवू नयेत.

पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून होईल म्हणाले होते, पण आत सगळं चिकटलेलं निघालं, म्हणून पोट उघडावं लागलं. उजवीकडे बरगड्यांखाली वीतभर टाके आहेत. खोकला आला, हसू आलं की जीव जातो. बाळंतपणानंतर असे खडे होतात, म्हणे. तूपतेल बंद. तुझे डिंकाचे लाडू आता तुझा जावई अश्विन आणि त्याचे मित्र खाताहेत आणि बाळंतीण मी आहे की ते, हे घरात कोणाला कळेनासं झालंय.

बाळ पावडरच्या दुधावर आहे. माझ्या अंगात भुलीचं औषध, वर अँटिबायोटिक, ते सगळं दुधात उतरणारच. छाती दाटली की पिळून वाटीत काढते आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते. कढीपत्ता मजेत आहे.

एक वेडगळ गोष्ट सांगते. दुपारी कूलर लावून सगळे झोपतात, तेव्हा माझ्या पायाशी गादी दबते, कोणी येऊन बसल्यासारखी. डोळे उघडले की कोणी नसतं. गुंगी असेल. अश्विनला बोलले नाही.

लोभ आहे तसाच ठेव, फक्त तुपाशिवाय.

तुझी
भावना

*

अमरावती,
२७ एप्रिल २०२४

चि. भावनास,
आत्याचा सप्रेम जयभीम. बाळाचा पापा घे.

अक्षर पाहून माझ्या वर्गातली चौथीची पोरं आठवली. लाडवांचं दुःख नाही. अश्विनचं पोट असंच वाढत राहिलं तर त्यालाच बाळंतविडा करीन.

आता कामाचं. औषध दुधात उतरून बाळाला बाधतं, हे तुला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुझं तूच ठरवलंस? एम.एस्सी. झालेली पोरगी न विचारता वाट्या ओतत बसते, याला काय म्हणावं! गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा आणि एकेक दाखवून विचार. बाळानं ओढलं नाही तर दूध राहत नाही, ते काही तुझ्या सवडीनं थांबणार नाही.

टाक्यांची भीती असेल तर बाळ पोटावर घेऊच नकोस. गोधडीची जाड घडी कर, डाव्या काखेखाली ठेव, तिच्यावर बाळ, पाय तुझ्या पाठीकडे. पोटाला धक्का लागत नाही. मी हे माझ्या हातानं केलेलं आहे.

आणि पायाशी कोणी बसत नाही. आपल्या घरात भुताखेतांना जागा होती तेवढी तुझ्या आजोबांनी छप्पन साली रिकामी केली.

गोळ्या वेळेवर घे, मग लोभाचं पाहू.

तुझी
आत्या

*

अकोला,
१ मे २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

विचारून आले. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक पाकीट पाहिलं आणि म्हणाल्या की या गोळ्या चालतात, भुलीचं औषध तर केव्हाच गेलं. पाज त्याले, काहून भेऊन राहिली. घरी आले, गोधडीची घडी केली, बाळाला उचललं आणि परत सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी बाटली उकळायला ठेवली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावडरनं बाळाला जुलाब लागले आहेत. मांड्या सुकल्यात त्याच्या. आणि माझं दूध आटत चाललंय. आधी वाटी भरायची, आता तळ ओला होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असेच आणखी काही दिवस गेले तर परत यायचं नाही.

आत्या, औषधाचं निमित्त होतं. बाळाच्या नामकरणाला धामणगावच्या पार्बताबाई आल्या होत्या ना, आईच्या मावशी. स्वयंपाकघरात त्या सासूबाईंना सांगत होत्या की या पोरीनं मेलेल्या मायचं दूध पेलं हाये, नातवाले पाजाच्या आधी इचार करजा. मी दारातच होते. सासूबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला आणि विषय बदलला. मीही मनावर घेतलं नाही. पण टेबलावर भूल चढताना तेच कानात आलं. आईही ऑपरेशननंतरच गेली. तेव्हा मी तीन महिन्यांची होते, आता हा तीन महिन्यांचा आहे. याहून जास्त मला कोणी कधी सांगितलं नाही.

दुपारी येते ती पाठमोरी असते. आता मला तिचा अंबाडा दिसतो. मी बाळाला जवळ घेतलं की गादी आणखी दबते. वाटतं, ती थांबलीये. मी पाजायला घेईन, तशीच जाईन, आणि हा पीत राहील. मला भीती वाटते गं. फार भीती वाटते.

तुला मूल नाही. मग ती गोधडीची घडी तू कोणासाठी घातलीस? पार्बताबाई म्हणतात ते खरं आहे का?

लोभ नंतर कर, आधी खरं लिही.

भावना

*

अमरावती,
४ मे २०२४

माझ्या भावनास,
जयभीम.

खरं आहे.

तुझ्या आईचं, नंदावहिनीचं, आतड्याचं ऑपरेशन इथेच अमरावतीत झालं. मी डी.एड.ला होते, सोबतीला मीच राहिले. तिला वळता येत नव्हतं आणि तुला पाजल्याशिवाय राहवत नव्हतं. गोधडीची युक्ती तिचीच. मी फक्त तुला धरून बसायची. तू प्यायला लागलीस की तिचं दुखणं कमी व्हायचं आणि तोंड सुरू व्हायचं. सगळ्या वॉर्डाची नक्कल करायची.

त्या दुपारी तू माझ्या मांडीवर झोपली होतीस. वहिनी म्हणाली की मनू, पोरीचं जावळ किती वाढलं पाय, आणि पुढचं वाक्य अर्ध्यात राहिलं. डॉक्टर धावले, छाती दाबली, सगळं केलं. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. मग ते पडदा ओढून दादाला, तुझ्या वडिलांना, निरोप द्यायला गेले. तू उठलीस. भुकेनं टाहो फोडलास. वहिनीचं अंग अजून गरम होतं, आणि दुधानं पोलकं ओलं झालं होतं. मी घडी काखेखाली सारली आणि तुला रोजच्यासारखं धरलं. तू पोटभर प्यायलीस आणि झोपलीस. तेवढ्यात पार्बताबाईंनी पडदा सारला. त्या किंचाळल्या, त्याला आता तीस वर्षं झाली, अजून थांबल्या नाहीत.

मला त्याचा पश्चात्ताप नाही. आज ती वेळ आली तर आजही तेच करीन. मेलेल्या बाईचं दूध असं काही नसतं, भावना. जिवंतपणीच तिनं ते तुझ्यासाठी केलं होतं. ती गेली, पण तुझ्या वाट्याचं ठेवून गेली. ते मी मातीत कसं जाऊ देऊ?

तुला सांगितलं नाही, कारण रडल्याशिवाय सांगता येत नाही. आताही येत नाहीये.

भुतं नाहीत, हे मी तुला शंभर वेळा सांगीन. पण ती असलीच आणि पाठ करून बसत असली, तर ती कशाची वाट पाहत नाही. रुसली आहे. रुसली की वहिनी अशीच पाठ करून बसायची. नातू उपाशी आणि दूध कढीपत्त्याला, मग दुसरं काय करील ती?

माझा सगळा लोभ तुलाच आहे, दुसरं आहे कोण मला?

आत्या

*

अकोला,
९ मे २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या डोळे पुसून म्हणाल्या की मले वाटे टाके दुखतात म्हणून पाजत नाही ही. मग स्वतःच गोधडी घेऊन आल्या.

पहिले दोन दिवस त्यानं तोंडच फिरवलं. बाटलीची सवय लागली होती. मी रडले, तोही रडला, सासूबाईंनी दोघांनाही दामटलं. तिसऱ्या दिवशी त्यानं पकडलं. अजून पुरेसं येत नाही, पण येतंय. जुलाब थांबले. परवा टाके काढले, जखम मात्र ठणकते.

गादी अजून दबते. मी तिला बसू देते. तोंड कुठे आहे ते पाहत नाही.

काल दुपारी पाजता पाजता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंग जड होतं, त्याच्या पाठीवरचा माझा हात मला हलवता येईना, आणि कूलरचा आवाज फार लांबून येत होता. मनात आलं, झालं. मी गेले. तो पीत होता. पण तो पितोय म्हणजे मी आहे, असं थोडंच? मीही तशीच प्यायले होते.

मग त्याला शिंक आली. तोंडातलं सगळं दूध माझ्या हनुवटीवर, गळ्यावर. मला हसू फुटलं आणि जखमेत अशी कळ आली, की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी ओरडले. सासूबाई धावत आल्या. आत्या, इतकं दुखलं, आणि इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तो पुन्हा प्यायला लागला.

तुझ्या लोभातली, अजून दुखणारी,
भावना