वैशाखातले पांढरे कपडे

आई, आज आम्हाला घर मिळालं. गोमती नगरात, भिंतीला भिंत लावून एका रांगेत बांधलेल्या दहा दुमजली घरांतलं सातवं. रस्ता इतका नवा आहे की निम्म्या घरांपुढे अजून वाळूचे ढीग आहेत, आणि दुपारी सायकलची घंटा वाजली की कोण आलं म्हणून दोन-तीन खिडक्या उघडतात. पुढे चार पावलांची बाग, मागे धुणं वाळत घालायला अंगण, वर गच्ची. मालक रिटायर्ड इंजिनियर आहेत, शेजारच्याच घरात राहतात. मी तीन दिवस तयारी करत होते. ऑफिसला जाताना टेम्पोत बसून मनात वाक्यं जुळवायची, हिंदीत, आदराची, पण अजिजी नको. त्यांनी चावी पुढे केली तेव्हा मी हात मागेच ठेवला आणि म्हटलं, "अंकलजी, चाबी से पहले एक बात. हम लोग बौद्ध हैं. महाराष्ट्र में लोग हमें पहले किस जात में गिनते थे, वह भी आप जान लीजिए." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा, अच्छा. बिटिया, हमारी तो बस एक शर्त है. पानी की मोटर सुबह छह से पहले मत चलाइएगा, दीवार हिलती है." माझी चार वाक्यं अजून बोलायची राहिली होती. ती तशीच घेऊन परत आले.

बाबा नव्या घरात कूलरच्या जाळीत खस भरत बसले होते. "त्यांनी विचारलं होतं का?" म्हणाले. मी म्हटलं, नाही. "मग?" मी म्हटलं, आधी सांगितलेलं बरं. बाबांनी हातातली खस खाली ठेवली. "अगदी तिच्यावर गेलीस," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. तू गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत ते तुझ्याविषयी फार कमी बोलले आहेत, म्हणून आज एवढंसुद्धा पुष्कळ वाटलं. अजून खोके उघडायचे आहेत, भांडी पोत्यात आहेत. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून हे लिहिते आहे.

तेलीबागेजवळची आपली ती रांगसुद्धा अशीच होती. नागपूरहून बाबांची बदली झाली तेव्हा मी आठ वर्षांची. शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलेलं, माझं हिंदी कच्चं, म्हणून पहिली दीड वर्षं माझी शाळा तुझ्या स्वयंपाकघरात भरली. तू पोळ्या लाटतेस, मी पिठाच्या डब्याला टेकून गणितं करते. एकदा मी पुस्तकाच्या शेवटचं पान उघडून उत्तर बघितलं आणि वहीत लिहिलं. तू लाटणं न थांबवता म्हणालीस, "उत्तर बरोबर आहे, पण तुझं नाही. पूस." मी ते पुसलं आणि मग कितीतरी दिवस माझी खरीखुरी आलेली उत्तरंसुद्धा मला चोरीची वाटत राहिली. अजूनही ऑफिसात कागदावर सही करण्यापूर्वी मी तीनदा वाचते. हे तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. थोडं झालंच असेल.

भाड्याच्या घरात कसं राहायचं हे मी तुझ्याकडूनच शिकले. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, म्हणून आपली बुद्धाची तसबीर ट्रंकेवर टेकून ठेवलेली असायची. दुपारी दोननंतर मसाला कुटायचा नाही, कारण भिंतीपलीकडे मालकीणबाई झोपलेल्या असतात. त्यांना सगळी रांग अम्माजी म्हणायची. त्या विधवा होत्या, बारा महिने पांढऱ्या साडीत, आवाज खणखणीत. शेजारशेजारची दोन घरं त्यांच्या मालकीची, एकात त्या, एकात आपण. फोनही रांगेत त्यांच्याकडेच होता. आपल्या कुकरच्या शिट्ट्या त्या मोजायच्या आणि दारातून ओरडायच्या, "बहूजी, चार हो गईं! दाल है कि पत्थर?" तू हसायचीस. ते घर मिळण्याआधी तीन ठिकाणी आपलं आडनाव ऐकून, कोण लोक म्हणून चौकशी करून, "भाई साहब, मकान तो उठ गया", घर भाड्यानं गेलं, असं सांगितलं गेलं होतं. अम्माजींनी फक्त एवढंच विचारलं, महाराष्ट्राचे का, आणि बाबा हो म्हणाले. त्यावरून तुमचं दोघांचं बोलणं मी ऐकलं होतं. बाबा म्हणत होते, "विचारलं तर सांगू. आपणहून कशाला?" तू म्हणत होतीस, "मले हे बरं नाही वाटत." त्या बोलण्यातलं मला एवढंच कळलं, की काहीतरी कळलं तर हे घर जाईल.

मग ती वैशाख पौर्णिमा. नागपुरात त्या दिवशी आपली सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत असायची, त्यात सांगण्यासारखं काही आहे हे आपल्याला कोणाला सुचलंच नाही. तू बिनकाठाची पांढरी साडी नेसलीस, बाबांनी पांढरा सदरा-पायजमा घातला, मला पांढरा फ्रॉक. ट्रंकेपुढे मेणबत्ती लावून आपण हळू आवाजात वंदना म्हटली. बाबा रिक्षा बघायला गेले, कारण शहरात आपल्या ओळखीच्या एका घरी सगळे जमणार होते. तू आत खीर ढवळत होतीस. मी पायरीवर उभी. अम्माजी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी आधी बाबांना जाताना पाहिलं, मग मला पाहिलं आणि तांब्या तिथेच ठेवून आल्या. "हाय राम, बिटिया, सुबह-सुबह रोने जैसी आवाज़ हमने भी सुनी. किसके यहाँ गमी हुई? कौन चला गया?"

कोण वारलं, असं त्या विचारत होत्या. कोणी नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग पांढरं का? आणि त्याच्या उत्तरात आपलं घर गेलं असतं. मी म्हटलं, "नानी."

त्यांनी मला पोटाशी धरलं. तशाच आत आल्या आणि पदर तोंडाला लावून तुला म्हणाल्या, "बहूजी, हिम्मत रखो. माँ का जाना..." तुझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. मला तेव्हा कळलं नाही, पण तुला वाटलं की फोन आला. नागपूरहून ट्रंक कॉल आला, तो अम्माजींनी घेतला आणि त्या निरोप द्यायला आल्या आहेत. तू ओट्याला धरून खाली बसलीस. तुझा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. "केव्हा?" एवढंच तू मराठीत विचारलंस, त्यांना. आणि मी ओरडले, "आई, आजी बरी आहे! मी खोटं सांगितलं!"

तू मला मारलं नाहीस. उठलीस, गॅस बंद केलास, आणि तुझ्या त्या नागपुरी हिंदीत बोललीस. "अम्माजी, कोई मरा नहीं. आज हमारा त्योहार है, बुद्ध का. हम सफेद पहनते. लड़की डर के झूठ बोली."

"डर काहे का?"

"घर जाएगा करके." मग तू पदर सारखा केलास. "आपने पूछा नहीं, हमने बताया नहीं. गाँव में जिनको कुएँ पे आने नहीं देते थे, हम वो लोग हैं. अब आप देखो."

अम्माजींची नजर पातेल्याकडे गेली, ट्रंकेवरच्या तसबिरीकडे गेली. "तो रोना-धोना कुछ नहीं?" म्हणाल्या. तू म्हणालीस, नाही. "इस लड़की ने तो हमारी जान ही निकाल दी थी," असं म्हणून त्या गेल्या. एवढंच. बाबा रिक्षा घेऊन आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बांधाबांध करायची का?" तू म्हणालीस, "आधी खीर वाटीत काढू द्या." रिक्षात तू मला जवळ घेऊन बसलीस आणि माझ्याकडून कबूल करून घेतलंस, भीतीपायी खोटं बोलायचं नाही. मी मान हलवली.

घर गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अम्माजींचा आवाज आला, "बहूजी, तीन ही सीटी? आज क्या, चावल?" आणि तू ओट्यापाशी उभ्या उभ्या डोळे पुसलेस. पुढची चार वर्षं आपण तिथेच राहिलो. जूनमध्ये मलिहाबादहून त्यांची दशहरीची पेटी यायची, तिच्यातले आठ-दहा आंबे आपले ठरलेले. आजी नागपूरहून आली तेव्हा अम्माजींनी तिला बघायला अर्धी रांग बोलावली, "यही हैं वो, जिनको लड़की ने मार डाला था!" आजीला हिंदी कळत नव्हतं, ती सगळ्यांना हात जोडत राहिली. तिसऱ्या वैशाखात तर त्या स्वतःची वाटी घेऊन सकाळीच आल्या. "बहूजी, हमारी खीर?" आणि आपल्या ओट्याशी उभ्या राहून खाल्ली, बोटानं वाटी पुसून. मला रडू फुटलं. तू म्हणालीस, "कायले रडून राहिली?" तुला त्यात काही नवल वाटण्यासारखं नव्हतं, कारण तुझ्या समजुतीप्रमाणे त्या तिसऱ्यांदा खात होत्या.

ते तसं नव्हतं, आई. त्या पहिल्या पौर्णिमेला संध्याकाळी तू माझ्या हाती वाटी देऊन मला पाठवलंस. अम्माजींनी ती हातात घेतली नाही, बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायला सांगितली. मी गच्चीवर जाऊन वाकून पाहिलं. त्यांनी थोडा वेळ वाटीकडे बघितलं, मग ती उचलून रस्त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या गाईपुढे रिकामी केली, घासली, आणि तिच्यात दोन कैऱ्या घालून परत पाठवली. तू कैऱ्या बघून इतकी खूश झालीस. "आवडली का गं त्यांना?" आणि मी म्हटलं, "हो, सगळी खाल्ली." सकाळीच कबूल केलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा खोटं बोलले. दुसऱ्या वर्षीही तेच बोलले. नंतर तू आजारी पडलीस आणि सांगायचं राहून गेलं असं मी स्वतःला सांगत आले, पण खरं तर मला सांगायचंच नव्हतं. हे तू वाचू शकणार नाहीस, म्हणूनच आज लिहिता येतंय. आजीबद्दल बोललेल्या खोट्याची मला अजून लाज वाटते. त्या वाटीबद्दल बोललेल्याची, कितीही प्रयत्न केला तरी, वाटत नाही.