आयुधपूजेआधीच आवरलेलं कपाट

अण्णा,

आज सकाळपासून तुमची नात माझं कपाट रिकामं करत बसली आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या फोनवर कुणी एक बाई आहे, ती घर कसं आवरावं ते शिकवते. सगळे कपडे पलंगावर ओतायचे, एकेक हातात घ्यायचा, आणि वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते सरळ बाहेर. "अम्मा, किती शहाणी बाई आहे बघ," लेक म्हणाली, आणि मला आधी हसूच आलं. ही शहाणी बाई जन्माला यायच्या आधी बंगळूरला आमच्या के. आर. पुरमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय, असं मी म्हणणारही होते. पण तेवढ्यात तिनं माझ्या जुन्या साड्यांचा ढीग उचलून दाराकडे नेला आणि मी तिच्यावर अशी काही ओरडले की ती जागच्या जागी थांबली. "साड्याच आहेत ना गं," एवढंच बोलली बिचारी. आता ती रुसून आत बसली आहे, पलंगावरचा डोंगर तसाच आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे चार डबे बाजूला सारून तुम्हाला लिहायला बसले आहे. चारही डबे रिकामे आहेत. मी रिकामे डबे टाकत नाही, हे तुम्हाला बघवलं नसतं.

तुम्ही कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. सामान घ्यायचं, द्यायचं, परत आलं की जागेवर ठेवायचं, यातच तुमची सगळी नोकरी गेली. तिथं भिंतीवर एक मोठी फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराच्या मापाची आकृती निळ्या रंगानं काढलेली होती. पाना उचलला की मागे पान्याची निळी सावली उरायची, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. तसलीच फळी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात आणलीत. उलथनं, झारा, सांडशी, पळी, लाटणं, सगळ्यांच्या निळ्या सावल्या गॅसच्या शेजारच्या भिंतीवर. शेजारच्या अक्का पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला आणि कन्नडमधून आईला विचारलं, "आणि तुम्ही कुठं उभं राहायचं, तेही काढून दिलंय का?" आई हसली. तुम्ही मात्र सरळ चेहऱ्यानं "तेवढं राहिलंय" म्हणालात, आणि ती गंमत होती की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या दहावीच्या एका पेपरच्या सकाळी घाईघाईत मी झारा उलथन्याच्या जागी टांगला आणि बस स्टॉपवर पळाले. मैत्रिणींबरोबर उजळणी करत उभी आहे, तर समोरून तुम्ही येताय. मला वाटलं पेन विसरलं, तेच घेऊन आलात. तुम्ही म्हणालात, "घरी चल. झारा चुकीच्या जागी आहे." मी म्हटलं, "अण्णा, पेपर आहे, बस येईल." "बस दुसरी येते," म्हणून तुम्ही पाठ फिरवलीत आणि मी तुमच्यामागून निघाले, दोन वेण्या, कंपासपेटी आणि डोळ्यांत पाणी. झारा जागेवर लावला, तुम्ही मान हलवलीत, आणि मग मला सायकलवर मागे बसवून थेट परीक्षेच्या शाळेपर्यंत सोडलंत, धापा टाकत. मी तेव्हा तुमचा मनापासून द्वेष केला. सायकलवरून उतरताना तुमच्या शर्टाची घामानं ओली झालेली पाठ बघितली आणि तोही नीट करता येईना.

हे वेड तुमच्यात मुळात नव्हतं. आई सांगायची, लग्न झालं तेव्हा तुम्ही ओला टॉवेलसुद्धा गादीवर टाकायचा. सुरुवात झाली ती आजोबांच्या आजारपणानंतर. आजोबांची खाट पुढच्या खोलीत होती आणि हळूहळू सगळं घर त्या खाटेभोवती गोळा झालं. खिडकीत औषधाच्या बाटल्या, देवाच्या फळीवर कापसाचा गुंडाळा, खाटेखाली भांडं, दोरीवर कायम चादरी. स्वयंपाकाला वेळ उरला नाही, झोपेला तर नाहीच. बघायला येणारे लोक जेवायला थांबायचे. तुम्ही कारखान्यातून यायचात आणि उंबऱ्यात उभे राहायचात, बूट न काढता, चुकून दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे. एकदा आई आजोबांचं अंग पुसत होती आणि ते रडत म्हणाले, "सूनबाई, तुझं घर मी नासवलं गं." तुम्ही तेव्हा उंबऱ्यातच होता. आजोबांचं तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही चुना आणून स्वतःच्या हातानं ती खोली रंगवलीत. मग स्वयंपाकघर, मग ती निळी फळी. मी लहान होते. मला वाटलं, सण आला.

सण खरा यायचा तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेचा. कारखान्यात पूजेच्या आधी सगळं स्टोअर बाहेर काढायचे आणि मागच्या पूजेपासून ज्याला कुणी विचारलं नाही त्यावर लाल खडूनं फुली मारून भंगारात टाकायचे. उरलेल्या सामानाला हळद-कुंकू. आमच्या अंगणातही तेच. तुम्ही स्टुलावर, हातात लाल खडू, आणि आम्ही दोघी एकेक वस्तू घेऊन समोर. "हे लागतं हो," आई म्हणायची. "शेवटचं कधी लागलं?" यावर ती वस्तू खाली ठेवायची. तिच्या माहेरची फुलदाणी गेली, माझी भातुकली गेली. कोहळा फोडून झाला, सायकलला झेंडू बांधला, की मग तुम्ही प्रसन्न दिसायचात. त्या खडूला आम्ही दोघी भीत होतो, पण आम्हाला त्याची सवयही झाली होती, आणि आमचा घात त्या सवयीनंच केला.

कारण नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी संक्रांतीचे तीळगूळ डब्यात अजून शिल्लक होते, आयुधपूजा पार लांब होती, आणि एका रविवारी तुम्ही स्वतःचं कपाट उघडून खडू हातात घेतलात. लोकरीचा कोट, जुनी ट्रंक, कारखान्यात बक्षीस मिळालेलं घड्याळ, सगळ्यावर फुल्या. पुढच्या रविवारी आणखी. रद्दीवाल्याला हाक मीच मारायची. आई अक्कांना कुंपणावरून कौतुकानं सांगायची, "बघा, पुरुषमाणूस असून स्वतःचं स्वतः आवरतात." अक्का आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात "नशीब लागतं" म्हणायच्या. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोनं विचारलं असतं की अहो, हे काय चाललंय, सगळं का देऊन टाकताय? आमच्या घरात आम्ही पिशव्या धरून उभ्या राहिलो. तुमचं जेवण कमी झालं तर आई म्हणाली, निवृत्ती जवळ आली, आता हलकंच खावं. शर्ट सैल व्हायला लागले तर तिनं ते मशीनवर दोन्ही बाजूंनी आत घेतले. थोड्या दिवसांनी पुन्हा घेतले. "अगदी लग्नातल्यासारखे दिसताय," असं म्हणून तिनं तुमच्या खांद्यावरचा धागा तोडला होता, आणि तुम्ही "सरी, सरी", बरं बरं, म्हणून लाजला होता.

तुम्ही बदललात ते आम्हाला दिसत होतं. लाटणं दोन दिवस ओट्यावर लोळलं तरी तुम्ही बोलला नाहीत. संध्याकाळी पायरीवर बसून आईची कॉफी पीत तिच्याशी गप्पा मारायला लागलात, कारखान्यातल्या लोकांच्या नकला करायला लागलात. मी तेव्हा कपड्यांच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. एका रविवारी म्हणालात, "चल, चिकपेटला जाऊन येऊ." मला वाटलं, भांडं किंवा कुलूप हवं असेल. त्या गर्दीतून माझा दंड धरून तुम्ही मला साड्यांच्या दुकानात नेलंत आणि गादीवर मांडी घालून बसलात. दुकानदारानं मोरपंखी रंगाची, मोठ्या जरीची साडी उलगडली. मी म्हटलं, "अण्णा, ही कुठं नेसू मी? वर्षात एकदाही लागणार नाही." तुम्ही म्हणालात, "नाही लागली तर नाही लागली. स्वल्प जागा लागते तिला, तेवढी आहे घरात." नंतर उभ्याउभ्या डोसा खाल्ला, म्हणजे मी खाल्ला, तुम्ही तुमचा अर्धा माझ्या ताटलीत सरकवलात. सकाळी लेकीनं उचललेल्या ढिगात ती सगळ्यात वर होती.

तुम्ही पडलात ती पाण्याची सकाळ होती. नळ एक दिवसाआड यायचा आणि पिंप भरून वाहिलं असं तुमच्या हयातीत कधी घडलं नव्हतं. आईनं पाणी वाहण्याचा आवाज ऐकला आणि ती ओरडतच मोरीकडे धावली. तुम्ही पिंपाला टेकून बसला होता, पाणी मांडीवरून वाहत होतं. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुमचा चेहरा पाहिला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "आत्ता आणताय? मी यांना संक्रांतीच्या आधीच सांगितलं होतं. घरच्यांना घेऊन या म्हटलं होतं." आई त्यांना समजावून सांगायला लागली की डॉक्टर, तुमचीच काहीतरी चूक होतेय, दुसरा कुणी पेशंट असेल, हे कधी दवाखान्याची पायरी चढलेले नाहीत. ती ते पुन्हा पुन्हा सांगत होती. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, आणि त्यावरून मला कळलं. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, संक्रांतीच्या आधीच ऑपरेशन केलं असतं तर? ते म्हणाले, काही वर्षं मिळाली असती, कदाचित नसतीही. गाठ पोटातली आहे, खात्री देता येत नाही.

दोन दिवसांनी तुम्ही जरा शुद्धीवर होता तेव्हा मी विचारलं, "अण्णा, का सांगितलं नाहीत?" तुम्ही म्हणालात, "घर नीट चाललं होतं. कशाला विस्कटायचं?" जणू मी विचारलं होतं की झारा तिथं का टांगला. त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोललात ते पाणी मागण्यापुरतं, आणि गेलात तेही आम्ही दोघी खाली चहाला गेलेल्या असताना.

तेराव्याच्या आधी आईला तुमचा एक न धुतलेला शर्ट हवा होता. बाकी काही नको, न धुतलेला एक. कपाटात वर्तमानपत्र अंथरलेल्या फळीवर दोन शर्ट होते, आत घेतलेले, इस्त्री केलेले, मध्ये डांबराची गोळी. उशीचा अभ्रासुद्धा आम्ही दवाखान्यातून येईपर्यंत अक्कांनी मदत म्हणून धुऊन टाकला होता. आईनं शर्टात तोंड खुपसून पाहिलं, मग तो भिंतीवर फेकला आणि त्या रिकाम्या कपाटाला म्हणाली, "घर होतं हो हे. गोदाम नव्हतं." ती पुढं पुष्कळ वर्षं जगली, पण तुमच्याविषयी एवढंच बोलली.

मी तुमच्यावर रागावले आहे, अण्णा, अजून. तुम्हाला वाटलं आजोबांनी घर नासवलं. मला मात्र त्या खाटेशेजारी बसून म्हटलेले पाढे आठवतात, चुकले की आजोबा माझ्या डोक्यावर टिचकी मारायचे ते आठवतं. त्यांच्या आजारात आम्ही सगळे होतो. तुमच्या आजारात आम्हाला तुम्ही येऊच दिलं नाहीत. तुमचे पाय चेपायचे राहिले, तुमच्यावर चिडायचं राहिलं, रात्री जागून कंटाळायचं राहिलं, आणि हे सगळं तुम्ही भंगारात काढलंत, आम्हाला न विचारता. म्हणून माझ्या घरात पसारा असतो. लेकीला वाटतं अम्मा आळशी आहे, आणि मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही. हे पत्रही कुठं पाठवायचं नाही. ती उठून चहा मागायला आली की मी ते याच डब्यांमध्ये कुठंतरी कोंबणार आहे.

तेवढ्यात एक सांगून टाकते, जे आईलाही सांगितलं नाही. संक्रांतीपासून त्या पाण्याच्या सकाळपर्यंतचे महिने हे आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. बसमधून उतरले की मी पावलं उचलून घराकडे यायचे, कारण तुम्ही पायरीवर बसलेले असायचात आणि हसायचात. तुम्ही सांगितलं असतंत तर ते दिवस दवाखान्यात गेले असते, आणि तरी तुम्ही सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं बदललेलं नाही. पण आयुष्यातलं एक वर्ष परत देतो असं कुणी म्हणालं, तर मी तेच मागेन अण्णा, आणि तसंच मागेन, मला काही कळू न देता.