अठरा रेकॉर्डींची प्रतवारी

॥ श्री काळाराम प्रसन्न ॥
पंचवटी, नाशिक
७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रफुल्ल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. भाऊबीजेला पुण्याहून यायला तुला सवड झाली नाही, ओवाळणी मोबाइलवर आली, मग मीही मोबाइललाच ओवाळलं. पण जुन्या रेकॉर्डी कशा तपासाव्यात यावर आठ पानं लिहायला सवड झाली, हे पाहून ऊर भरून आला. फोनवर तू आवाज चढवतोस, म्हणून या व्यवहारात सगळं लेखीच बरं.

तुझ्या हुकुमाप्रमाणे देवळाली कॅम्पात सुमनबाईंकडे जाऊन आले. त्यांचे यजमान खंडेराव गेल्या वर्षी वारले. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, पण जीव सगळा तुझ्या त्या जॅझमध्ये. ऐन वरातीत मधेच तसलं काही फुंकायचे आणि नवरदेवाची घोडी बुजायची, असं बाई सांगत होत्या. आता त्या मनमाडला लेकीकडे कायमच्या निघाल्यात. तिथे दोनच खोल्या, म्हणून यजमानांच्या अठराही रेकॉर्डी विकायच्या. विकायचा विषय निघाला की बाई उठून चहा टाकतात. मी तीन कप प्यायले.

तुझं प्रतवारीचं शास्त्र मात्र थोर. ‘मिंट’ म्हणजे नवी कोरी, इथवर डोकं चाललं. पण ‘व्हेरी गुड’ म्हणजे ओरखडे असलेली आणि ‘गुड’ म्हणजे जवळजवळ टाकाऊ? मॅट्रिकला वर्गाच्या बाईंनी माझ्या वहीवर ‘गुड’ लिहिलं म्हणून अण्णांनी पेढे आणले होते. बिचारे फसले.

सुमनबाईंची अट एकच. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तेव्हा मी लिहीन तो दर्जा त्यांना कबूल, आणि त्या दर्जाप्रमाणे तू देशील तो दर. म्हणजे भार कुणावर आला, ते तुझ्या लक्षात आलं असेलच.

तब्येतीला जप, आणि माया आहे तेवढी राहू दे, जास्तीची मागत नाही.
तुझी,
ज्योत्स्नाताई

पुणे
११ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले, एरवी सर्व क्षेम. बाईंनी तुझ्यावरच सोपवलं, यापेक्षा चांगली बातमी नाही. तेव्हा एवढंच कर. प्रत्येक रेकॉर्ड एक पायरी खाली लिही. मिंट दिसली तर व्हेरी गुड, व्हेरी गुड दिसली तर गुड. या धंद्यात सगळे असंच करतात, हे पाप नाही. आणि माळेचं म्हणशील, तर मेथीची जुडी उलटीसुलटी करून तू भाजीवालीला रडवतेस, तेव्हा माळ गळ्यातच असते ना?

अठराच्या अठरा हव्यात. इथल्या आमच्या जॅझच्या मंडळात मी सांगून बसलोय की संग्रह येतोय. आता मोडता घालू नकोस, चारचौघांत नाक कापलं जाईल.

दाजींना नमस्कार. धाकट्यावरची मर्जी पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझा,
प्रफुल्ल

॥ श्री काळाराम प्रसन्न ॥
पंचवटी, नाशिक
१९ नोव्हेंबर २०२४

चि. प्रफुल्ल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मेथीच्या जुडीत माती असली तर मी माती आहे म्हणते. नसलेली माती दाखवत नाही. हा फरक पुण्यात कळत नसेल.

काल सुमनबाईंच्या खिडकीशी बसले. तांदूळ निवडताना ताट तिरकं धरतो, तशी एकेक रेकॉर्ड उन्हात तिरकी धरली. वहीत रकाने आखले आणि दिसलं तसं लिहिलं. सात अगदी चकचकीत निघाल्या. अकरांवर मात्र बोटभर रुंदीचा करडा पट्टा, प्रत्येकीवर वेगळ्या जागी, आणि बाकी अंग स्वच्छ. सुई पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी टेकवल्याने घासलेलं. तुझ्या आठ पानांप्रमाणे त्या ‘गुड’, म्हणजे टाकाऊच. मला खोटं लिहायला लावायची तुला गरजच नव्हती रे.

अट होती म्हणून बाईंना सगळं वाचून दाखवलं. ही कडेपासून दोन बोटं आत घासली आहे, ही मधोमध, असं. पाचवीला बाईंनी मला थांबवलं. खंडेराव तेवढाच तुकडा शंभरदा लावायचे आणि मागोमाग ट्रम्पेटवर काढून पाहायचे, जमेपर्यंत. बाई आतल्या खोलीतून ऐकून समजायच्या की मशीन अडकतंय. दुरुस्त करून आणा म्हणून त्यांनी तीस वर्षं नवऱ्याचं डोकं खाल्लं, आणि त्या भल्या माणसाने एकदाही सांगितलं नाही की तो शिकतोय.

मग त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत बसल्या. या वेळी चहा टाकला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, या अकरा मनमाडला येतील, लेकीला जागा नसेल तर माझ्या उशाशी राहतील. मी तुझं मंडळ, तुझं नाक, सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही. उरलेल्या सात सुतळीने बांधून माझ्या हाती दिल्या.

त्या सात कुरिअरने पाठवल्या आहेत. सातही मिंट, हे मी माळेवर हात ठेवून लिहिते, तेव्हा दर पुरा पाठव. इतक्या कोऱ्या कशा राहिल्या, हेही विचारलं मी. बाई म्हणाल्या, एकेकदा लावल्या आणि कव्हरात घातल्या, ह्यांना नाही आवडल्या.

मंडळाला बिनधास्त सांग, माल एकदम नवा आहे. ज्याला यातलं कळत होतं, त्याने हात लावला नाही.

चार दिवस रुसून झाल्यावर पाचव्या दिवशी दोन ओळी लिही.
तुझी,
ज्योत्स्नाताई